१/३५ संगशाक १९४४: हिरव्या जंगलात हिरवे जवान दिसेनासे होतायत, रंग कसे ठेवू?

कऱ्हाडकर_ब्रशवाला

नमस्कार मंडळी. मराठा लाईट इन्फन्ट्री म्हटलं की आपल्याकडचे मॉडेलवाले सगळे इटलीला पळतात, यशवंत घाडगे नाहीतर नामदेव जाधव, दोघेही व्हीसी, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसवाले, आणि दोघेही इटलीतले, त्यामुळे ते ओघानं आलंच. मला मात्र बर्मा फ्रंटचा डायोरामा, म्हणजे छोट्या फिगर्सचा देखावा, करायचाय. मार्च १९४४, मणिपूरमधलं संगशाक, ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर ४/५ मराठा (पाचव्या मराठाची चौथी पलटण) तिथं जपान्यांच्या वेढ्यात होती ती लढाई. स्केल १/३५, बेस साधारण ए-फोर कागदाएवढा, चार मराठा आणि तीन जपानी.

फिगर्स तमिया कंपनीच्या, ब्रिटिश इन्फन्ट्री ऑन पेट्रोल हा सेट घेतला कारण हेल्मेट आणि ३७ पॅटर्नचं वेबिंग, म्हणजे पट्टे-बटवे, आयतं मिळतं. कंबरेशी आवळलेला ब्लाऊज, म्हणजे लष्करी आखूड जाकीट, तासून टाकला आणि खाली एम-सीलनं बुश शर्टचा घेर केला, पायाला मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या गुंडाळून घोट्याभोवती बांधायचे आखूड पुट्टीज केले. जपानी पण तमियाचेच. प्रायमर झाला, कपडे रंगवून झाले आणि आता घोळ असा की कपडे ऑलिव्ह ग्रीन, वेबिंग हिरवं, हेल्मेट हिरवं, खाली गवत हिरवं, मागं फिशटँकच्या दुकानातून आणलेली प्लास्टिकची झाडं ती पण हिरवी, आणि टेबलापासून दोन पावलं मागं सरकलं की जवान गायब. कॅमोफ्लाज म्हणून शंभरपैकी शंभर, डायोरामा म्हणून भोपळा.

तर जंगल ग्रीनची खरी शेड कुठली ते सांगा. चेहऱ्यांचं पण सांगा, यूट्यूबवर जो तो गोऱ्यांचे चेहरे रंगवतो आणि त्या रेसिपीनं आपले जवान उन्हात भाजलेले इंग्रज दिसतायत. आणि चिखल, मला भरपूर चिखल, पाऊस, ताडामाडाची झाडं असं पाहिजे. व्हॅलेहो रंगाच्या बाटल्या मोजक्याच आहेत, तमियाच्या थोड्या, बाकी सगळे कॅमलचे ॲक्रिलिक. नवीन बाटल्या सुचवताना जरा दमानं, एका बाटलीची किंमत घरात कळली तर मलाच संगशाकला जावं लागेल.

पिंपळगावचा_तोफखाना

विषय भारी निवडलात भाऊ. पण रंगाच्या आधी कॅलेंडर बघा. संगशाक म्हणजे मार्चचा शेवटचा आठवडा, २६ तारखेच्या रात्री माघारीचा हुकूम आला. तिकडं पावसाळा मे महिन्यात लागतो. म्हणजे चिखल कुठून येणार? उलट तिथली बोंब पाण्याची होती, डोंगराच्या माथ्यावरचं नागा लोकांचं गाव, पाणी नाही, काटेरी तारा नाहीत, आणि जमीन इतकी खडकाळ की तीनेक फुटांच्या खाली खंदक जाईना. पोरं पाण्यावाचून तळमळली आणि तुम्ही तिथं पाऊस पाडताय.

ताडमाड तर विसराच. संगशाककडच्या उखरुलच्या बाजूला डोंगरात पाईन आहेत, ओक आहेत, बांबू आहे. बर्मा म्हटलं की सगळे नारळाची झाडं लावतात, ते पॅसिफिकमधल्या बेटांच्या फोटोंमुळं डोक्यात बसलंय. बर्माच्या पश्चिमेला आराकानच्या किनाऱ्याला खाड्या आणि खारफुटी आहे, तिथली गोष्ट वेगळी.

आणि यातच तुमच्या हिरव्याचं उत्तर आहे. मार्चमध्ये गवत वाळलेलं, पिवळट. खंदकातून काढलेली माती ताजी, फिकट, खडक मिसळलेली. जमीन एकदा तपकिरी-पिवळी झाली की त्यावर हिरवा माणूस आपोआप उठून दिसतो, तुम्हाला काही वेगळं करायलाच लागत नाही. हिरवळ ठेवायचीच तर मागच्या कोपऱ्यात ठेवा, पायाखाली नको.

आता जंगल ग्रीन. एकच शेड शोधत बसू नका, नव्हतीच. १९४२ ला बर्मातून माघार घेतली ती खाकीतच, मग आधी खाकीच कपडे हिरव्या रंगात बुडवून दिले आणि नंतर जंगल ग्रीनचं कापड आलं. भारतात रंगवलेलं कापड, वर ऊन, घाम आणि दगडावर आपटून धुणं, त्यामुळं नवं असताना गडद आणि जुनं झालं की करडं, थोडं निळसर. चार जवान असतील तर चार तऱ्हा ठेवा. एकाचा शर्ट नवा आणि पँट विटलेली, एकाचं उलटं. तमियाचा ऑलिव्ह ग्रीन यासाठी फार पिवळा पडतो. मी फ्लॅट ग्रीनमध्ये फील्ड ग्रे घालतो, साधारण निम्मानिम्मा, आणि विटलेल्या कपड्याला फील्ड ग्रे वाढवून वर चिमूटभर बफ, म्हणजे फिकट पिवळट रंग. उजेडाच्या कडा काढताना पिवळा किंवा पांढरा न घालता हलका करडा घालायचा, मग तो विटका निळसरपणा राहतो. झाडं पिवळट हिरवी आणि माणसं करडी हिरवी, हा फरक दोन पावलांवरून पण कळतो.

वेबिंग शर्टाहून एक-दोन पायऱ्या फिकट ठेवा, नाहीतर पट्टे शर्टात बुडतात. बटव्यांच्या कडेनं पातळ गडद तपकिरी रेघ. काळी नको, काळ्यानं कार्टून होतं. रायफल नंबर वन मार्क थ्री, आपली थ्री-नॉट-थ्री हो, तिचं लाकूड लालसर तपकिरी करा, सगळ्या हिरव्यात तेवढा एक उबदार पट्टा मिळतो. जपान्यांना खाकी द्या, पिवळसर, म्हणजे दोन्ही बाजू लांबूनच वेगळ्या कळतील. तुम्ही त्यांना पण हिरवा मारला असेल तर तो आधी झाका.

खांद्यावर २३ व्या डिव्हिजनचा, म्हणजे ४/५ मराठा ज्यात होती तिचा, झुंजार कोंबड्याचा बिल्ला काढायचा मोह होईल, पिवळ्या गोलात लाल कोंबडा, दिसतो झकास. मी असतो तर नसता लावला, वेढ्यात अडकलेल्या माणसाच्या अंगावर तो परेडला निघाल्यासारखा वाटतो. तुमची मर्जी.

नागपुरी_संत्रं

तोफखाना काकांचा इतिहास एकदम बरोबर पण मला विचाराल तर शेड हा पुढचा प्रश्न आहे, आधी उजेड. एवढ्याशा माणसावर खोलीतला दिवा पुरेशा सावल्या पाडत नाही, त्या आपण रंगवायच्या. प्रायमर काळा मारा, मग वरून एकाच बाजूनं पांढरा स्प्रे, फक्त वरनं, खालून नाही. फिगरकडं नुसतं बघितलं तरी कळतं कुठं ऊन पडलंय. त्यावर रंग पातळ करून चढवा, खालचा उजेड झिरपून दिसला पाहिजे. तुमचं प्रायमरचं काम झालंय म्हणता तर हरकत नाही, तेच काम ब्रशनं करा, खांदे, हेल्मेटचा माथा, गुडघा, वाकलेल्या पाठीचा वरचा भाग बिनधास्त उजळ, काखेत आणि बटव्यांखाली गडद. हातात धरून बघाल तर वाटेल जास्तच झालं, बेसवर ठेवलं की बरोबर वाटतं.

कॅमलच्या रंगाबद्दल म्हणाल तर जमिनीला, झाडाला, खडकाला डोळे झाकून वापरा, पैसे वाचतात. चेहरा आणि कपड्याला मात्र त्या मोजक्या व्हॅलेहो राखून ठेवा, पातळ केल्यावर त्याच नीट बसतात. आणि वेट पॅलेट करा राव, पसरट डबा, त्यात ओला स्पंज, वर बटर पेपर. आमच्याकडं मे महिन्यात ब्रश पॅलेटवरून फिगरपर्यंत नेईस्तोवर रंग वाळतो, डब्यात तोच रंग दुसऱ्या दिवशी पण चालतो.

रेषा_आणि_ठिपके

चेहऱ्यांबद्दल मी लिहिते, मी मुळात पोर्ट्रेटवाली, लष्करी फिगर्सकडं नंतर वळले.

गोऱ्यांच्या रेसिपीत फक्त तपकिरी वाढवून आपला रंग येत नाही. तिथं बेस गुलाबी असतो आणि हायलाइटला (उजळ भागांना) पांढरा असतो, आणि आपल्या कातडीवर पांढरा घातला की राख फासल्यासारखं दिसतं. हायलाइट नेहमी पिवळ्या मातीच्या रंगानं काढायचे, म्हणजे यलो ऑकर. तुमच्याकडं कॅमलचा ऑकर असेलच, तो चालेल, फक्त खूप घोटून पातळ करून घ्या.

मी करते ते असं. डोळे सगळ्यात आधी, कारण चुकले तर भोवती कातडीच्या रंगानं झाकता येतात. पांढरा म्हणजे शुभ्र नाही, मळकट, बेजकडं जाणारा. त्यात गडद तपकिरी उभी रेघ, ठिपका नको, ठिपक्यानं माणूस दचकल्यासारखा दिसतो. वरच्या पापणीला जवळपास काळी तपकिरी रेघ, खालच्या पापणीला काहीच नाही. हेल्मेटच्या सावलीत असलेल्या चेहऱ्याला तर डोळेच नका काढू, नुसती गडद फट पुरते, खरं तर जास्त चांगली दिसते.

मग बेस, फ्लॅट ब्राऊन आणि बेज ब्राऊन मिसळून, दोन पातळ हात. सावलीला त्याच मिश्रणात थेंबभर गडद निळा. हे ऐकून सगळे घाबरतात पण काळ्यापेक्षा निळा कितीतरी बरा, काळ्यानं चेहरा मळतो आणि निळ्यानं खोल जातो. ती सावली डोळ्यांच्या खोबणीत, गालफडाखाली, नाकाच्या बाजूला, हनुवटीखाली. नंतर बेसमध्ये ऑकर घालून कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड, वरचा ओठ. शेवटी लालसर तपकिरीचा अगदी पाण्यासारखा हात खालच्या ओठावर आणि कानांवर, तो दिला की चेहऱ्यात रक्त खेळतं. दाढीचे खुंट म्हणजे निळसर करड्याचा पातळ हात हनुवटीवर आणि गालाच्या खालच्या भागात, आठवडाभर खंदकात बसलेल्याला दाढी असणारच. मिशी मात्र प्रत्येकाला नको, चौघांनाही झुबकेदार मिशी दिलीत तर लेझीमचं पथक वाटेल.

आणि चौघांचा रंग एकसारखा नको. आपल्याच गल्लीतले चार जण आठवून बघा, गव्हाळपासून काळ्याभोरपर्यंत सगळं मिळेल. बेसमध्ये बेज कमीजास्त करायचं, बाकी कृती तीच. हाताचे तळवे उजळ, बोटांचे सांधे गडद, हे बहुतेक जण विसरतात आणि मग हात मोजे घातल्यासारखे दिसतात. घामासाठी सगळं मॅट वार्निश झाल्यावर कपाळावर आणि मानेवर सॅटिनचा एक बारीक हात, ग्लॉस नको.

एक गंमत. त्या काळात मलेरियासाठी रोज मेपाक्रिनची गोळी द्यायचे, तिनं कातडी पिवळी पडायची. बर्मातल्या चौदाव्या आर्मीचे सेनापती स्लिम गोळीच्या बाबतीत इतके कडक की जवान गोळी घेतात की नाही याची अचानक तपासणी करायचे आणि ज्या पलटणीत घेत नसतील तिथल्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवायचे, तीन जणांना घालवल्यावर बाकीचे सरळ झाले. फिगरवर दाखवायचं असेल तर डोळ्याच्या पांढऱ्यात आणि हायलाइटमध्ये किंचित पिवळा. गोरा ऑफिसर केलात तर त्याच्यावर हे लगेच कळेल, जवानांवर फारसं नाही.

कऱ्हाडकर_ब्रशवाला

अरे वा, एवढं कुठं वाचायला मिळत नाही. ताई, निळ्याची सावली आज रात्रीच करून बघतो. लेझीम पथक वाचून बायकोपण हसली, चौघांना मिशा आधीच लावून झाल्यात, उद्या दोघांची हजामत.

काका, चिखलाचं ऐकून जरा हिरमुसलो हो. चिखल रंगवायला मला फार आवडतं. काही जुगाड नाही का?

पिंपळगावचा_तोफखाना

आहे की. माणसं तीच ठेवा, महिना बदला. २३ वी डिव्हिजन त्याच साली जुलैमध्ये पालेलच्या वरच्या शेनाम खिंडीत लढत होती, भर पावसात. तिथं चिखल हवा तेवढा. पण मग झाडं नाहीत, गोळाबारीनं टेकड्या बोडक्या झालेल्या, नुसते जळके बुंधे आणि पाण्यानं भरलेले खंदक. म्हणजे संगशाक केलंत तर जंगल मिळेल पण चिखल नाही, शेनाम केलंत तर चिखल मिळेल पण जंगल नाही. दोन्ही एकदम पाहिजे असेल तर पलटण बदलून आराकानला जा.

आणि नागपूरकर, उजेड आधी हे मान्य, पण चुकीच्या शेडवर पाडलेला उजेड चुकीची शेडच उजळ करतो एवढं लक्षात असू द्या :)

नागपुरी_संत्रं

काका तुम्ही जिंकलात, पण प्रदर्शनात लोक शेड मोजायला येत नाहीत :)

गुहागरची_लाट

झाडांचं माझ्याकडं. ती फिशटँकची झाडं वापरायचीच असतील तर आधी त्यांचा प्लास्टिकचा तजेला मारा, मॅट प्रायमर, मग दोन-तीन हिरवे आणि टोकांना वाळकं पिवळं. न रंगवता लावलीत तर कितीही भारी फिगर असली तरी खेळणं दिसतं.

बांबूसाठी खराट्याचे हीर घ्या. हिशोब करा, खरा बांबू सात सेंटीमीटर जाड धरला तर १/३५ मध्ये दोन मिलीमीटर, हिराचं बुडखं साधारण तेवढंच भरतं. पेरांच्या जागी सुईनं फेविकॉलचं बारीक कडं फिरवा, वाळलं की पेर वर येतं. बारा मीटरचा बांबू म्हणजे चौतीस सेंटीमीटर, तेवढा उंच ए-फोरच्या बेसवर लावला तर लोक बांबूच बघतील, म्हणून वरून तोडून टाका, गोळ्या लागून तुटलेले दाखवा. बुंध्याशी वाळकी पानं म्हणजे बटर पेपर किंवा पातळ कागद तपकिरी रंगवून तिरपा कातरायचा. जमिनीवरच्या पाचोळ्याला चहाचा चोथा, पण तो कडकडीत वाळवून घ्या, तव्यावर मंद आचेवर परतलात तर उत्तम. ओला राहिला तर पावसाळ्यात तुमच्या संगशाकला खरी बुरशी लागेल. गवताला काथ्या, पिवळट तर तो असतोच, अर्धं काम झालेलं. दगडावरचं शेवाळ खरडून लावायचा मोह टाळा, वाळलं की त्याचा भुगा होतो. फर्न लावायचं असेल तर ग्लिसरीनमध्ये ठेवून घ्या, एक भाग ग्लिसरीन दोन भाग पाणी, मग लवचिक राहतं, रंग जातो पण तो आपण परत देतोच.

आता महत्त्वाचं. पावसाळ्यात मॅट वार्निशचा स्प्रे उघड्यावर मारू नका. हवेत दमटपणा असला की त्यावर पांढरी खरबरीत बुरशीसारखी झाक येते आणि ताईंनी सांगितलेले सगळे चेहरे पिठात घोळल्यासारखे होतात. कोरडा दिवस बघून घरात, खिडकी उघडी ठेवून, मास्क लावून मारा, त्याआधी स्प्रेचा डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. किंवा सरळ ब्रशनं लावायचं मॅट घ्या, कोकणात मी तेच करते, निदान सप्टेंबरपर्यंत.

एक सुचवू का? विमानातून टाकलेलं सामान संगशाकला बरंचसं जपान्यांच्या हद्दीत पडलं ना, मग एक हवाई छत्री (पॅराशूट) झाडाला अडकलेली दाखवा. टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून, मळका पांढरा. एवढ्या हिरव्या-तपकिरीत तो एक फिकट डाग डोळ्याला थांबा देतो आणि गोष्ट पण सांगतो, पाणी समोर लोंबकळतंय आणि हाताला लागत नाही.

लीड्समधला_पुणेकर

लाटताईंची छत्रीची आयडिया कडक आहे. फक्त ती जपानी फिगर्सच्या बाजूला ठेवा, नाहीतर गोष्ट उलटी होईल.

फोटो बघताना एक काळजी घ्या. इंपीरियल वॉर म्युझियमच्या साईटवर बर्मातले भारतीय जवानांचे भरपूर फोटो आहेत, बाह्या कशा दुमडल्यात, पाण्याची बाटली कुठं लटकते, हेल्मेटवर जाळी कशी बसते, हे सगळं त्यातून घ्या. पण रंग त्यातून घेऊ नका, ते काळे-पांढरे आहेत, आणि नेटवर फिरणारे रंगीत केलेले फोटो कुणीतरी अंदाजानं नाहीतर सॉफ्टवेअरनं रंगवलेले असतात, बऱ्याचदा सगळे जवान अमेरिकन ऑलिव्हमध्ये. रंगासाठी खरे कपडे बघितलेले बरे. माझ्या जवळ यॉर्कला कोहिमा म्युझियम आहे, लहानसं आहे आणि मुख्यतः ब्रिटिश सेकंड डिव्हिजनचं, परत गेलो की तिथलं जंगल ग्रीन दिवसाच्या उजेडात कसं दिसतं ते बघून इथं लिहीन, फोटो काढू देतात का तेही विचारतो.

कऱ्हाडकर_ब्रशवाला

ठरलं मग, संगशाकच. चिखल कॅन्सल. तोफखाना काकांच्या मिश्रणानं एक शर्ट रंगवून बघितला, फील्ड ग्रे निम्म्याहून थोडा जास्त गेला पण वाळल्या गवतावर ठेवल्यावर पोरगं खरंच उठून दिसायला लागलं. जपानी तिघं परत प्रायमरखाली गेलेत.

लाटताई, छत्रीच्या दोऱ्यांना काय वापरू? शिवणाचा दोरा जाड वाटतोय आणि त्याला कूस दिसते.

गुहागरची_लाट

शिवणाचा नको. केसांचे गंगावन असतं ना त्यातला एक-एक तंतू, नाहीतर स्प्रू, म्हणजे किटमधली सुट्या भागांची प्लास्टिकची चौकट, मेणबत्तीवर धरून ताणा, केसाएवढी तार निघते. स्प्रूच्या तारेला झोळ येत नाही म्हणून अडकलेल्या, ताणलेल्या दोऱ्यांना ती, आणि लोंबणाऱ्यांना गंगावन.